वृद्धांची गरिबी: घर मोजायचं की माणूस?

घरात पाच माणसं. स्लॅबचं घर, दारात मोटरसायकल, मुलगा तालुक्याच्या गावी दुकानात कामाला, सून घरी शिवणकाम करते, दोन नातवंडं शाळेत. कुठल्याही पाहणीत हे कुटुंब दारिद्र्यरेषेच्या वर बसेल. त्याच घरातल्या बहात्तर वर्षांच्या आजीच्या नावावर जमीन नाही, खात्यात शिल्लक नाही. गुडघ्याच्या गोळ्या संपल्या की कुणाला सांगायचं आणि कितीदा सांगायचं, हा तिचा रोजचा प्रश्न. मग ती गरीब आहे की नाही? वृद्धांच्या गरिबीवर आपल्याकडे गेली तीस वर्षं जो विचार झाला, ज्या योजना आल्या आणि जे वाद रंगले, ते या ना त्या वाटेने याच प्रश्नापाशी येतात.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी लोक नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, गोव्यात ११.२ आणि केरळात १२.६ टक्के होतं. पुढची जनगणना लांबली, पण २०२१ साठीचा अधिकृत अंदाज १३.८ कोटींचा होता. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक वृद्ध असेल असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३चा अहवाल सांगतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेबरोबर तयार झालेल्या या अहवालानुसार देशातले ४० टक्क्यांहून अधिक वृद्ध संपत्तीच्या उतरंडीतल्या सर्वांत खालच्या पाचव्या हिश्शात मोडतात, आणि १८.७ टक्के वृद्धांना स्वतःचं कसलंच उत्पन्न नाही.

गरिबीकडून वगळणुकीकडे

म्हातारपण आणि गरिबी यांचं नातं अभ्यासकांना नवं नाही. सीबोम राउंट्री यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहराची पाहणी १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. मजुराच्या आयुष्यात गरिबी तीनदा गाठते, असं त्यांना दिसलं: बालपणी, स्वतःची मुलं लहान असताना आणि हातपाय थकल्यावर. पहिल्या दोन खेपांतून माणूस वर येऊ शकतो, तिसरीतून सहसा येत नाही. पुढे पीटर टाउनसेंड यांनी १९७९च्या आपल्या मोठ्या ग्रंथात गरिबीची कसोटीच बदलली. पोट भरतं का, एवढंच पुरेसं नाही. आपल्या समाजात चारचौघं जसं जगतात तसं जगता येतं का, पाहुण्याला चहा देता येतो का, लग्नाकार्याला जाता येतं का, हेही पाहिलं पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. याच टाउनसेंड यांनी १९५७ मध्ये पूर्व लंडनमधल्या वृद्धांच्या कौटुंबिक जीवनावर पुस्तक लिहिलं होतं, हा योगायोग नाही.

सामाजिक वगळणुकीची कल्पना फ्रान्समधून आली. १९७४ मध्ये रने लेन्वार यांनी सामाजिक विम्याच्या जाळ्याबाहेर राहिलेल्यांची जी यादी केली, तीत अपंग आणि मनोरुग्णांबरोबर वृद्धही होते. अमर्त्य सेन यांनी २००० साली या कल्पनेची चिकित्सा केली. तिच्यामुळे गरिबीचा नात्यांशी असलेला संबंध पुढे येतो, हे तिचं बळ त्यांनी मान्य केलं, पण प्रत्येक वंचनेला वगळणूक म्हणत सुटलं तर शब्दाची धार जाईल, असा इशाराही दिला. जाणूनबुजून बाहेर ठेवणं वेगळं, आणि कुणाच्याही मनात नसताना व्यवस्थेच्या रचनेमुळे माणूस बाहेर पडणं वेगळं, हा त्यांचा भेद वृद्धांच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चौकट जातीच्या प्रश्नाला लावली. वय आणि जात एकत्र आल्यावर काय होतं, यावर मात्र आपल्याकडे काम थोडं आहे.

पंचाहत्तर रुपयांपासून

म्हातारपणी सरकारी मदत मिळावी ही अपेक्षा संविधानाच्या ४१व्या कलमात आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्वांतलं कलम, न्यायालयात जाऊन मागता येईल असा हक्क नव्हे. राज्यांनी आपापल्या परीने सुरुवात केली. उत्तर प्रदेशने १९५७ मध्ये, तमिळनाडूने १९६२ मध्ये. केरळने १९८० मध्ये शेतमजुरांसाठी पेन्शन आणली. महाराष्ट्रात त्याच वर्षी, अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना नंतर आली. गावोगाव या पैशाला ‘पगार’च म्हणतात.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला आणि निराधार वृद्धांना महिन्याला ७५ रुपये देऊ केले. २००१ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पेन्शन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पोचली पाहिजे असा आदेश दिला. सरकारच्या मर्जीवरच्या मदतीला हक्काचं रूप येण्याची ती सुरुवात होती. २००६ मध्ये रक्कम २०० रुपये झाली. पुढच्या वर्षी योजनेला इंदिरा गांधींचं नाव मिळालं आणि दारिद्र्यरेषेखालचे सगळे वृद्ध तीत आले. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर उतरली आणि ऐंशीच्या पुढच्यांना ५०० रुपये मिळू लागले.

तिथून पुढे केंद्राचा वाटा हललेला नाही. २००६च्या २०० रुपयांत तेव्हा जे येत होतं, त्याचा तिसरा हिस्साही आज येत नाही. लाभार्थ्यांची संख्याही सुमारे २.२१ कोटींवर गोठली आहे. जागा भरलेल्या असल्या की नव्या अर्जदाराला आधीचा कुणीतरी जाईपर्यंत थांबावं लागतं. या प्रश्नाच्या आढाव्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट कुठली म्हणाल, तर ती ही.

राज्यांनी आपली भर घालून ही दरी कमी-अधिक भरून काढली. महाराष्ट्रात ६०० रुपयांवरून १,०००, आणि २०२३च्या जुलैपासून १,५०० रुपये मिळतात. त्यात केंद्राचे २०० किंवा ५००, बाकी राज्याचे. आंध्र प्रदेश २०२४ पासून ४,००० रुपये देतो. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेने महाराष्ट्राच्या बरंच आधी २,००० रुपयांचा टप्पा गाठला होता. राजस्थानने २०२३च्या कायद्यात दरवर्षी १५ टक्के वाढीची तरतूद करून वेगळीच वाट धरली. एकाच देशातल्या दोन वृद्धांची परिस्थिती सारखी असली तरी हातात पडणारी रक्कम राज्याच्या सीमेवर अशी बदलते.

घराच्या आतला हिशेब

आता मोजमापाकडे. इथला वाद तांत्रिक दिसतो, पण बाकीचे सगळे वाद त्याच्या आधाराने उभे आहेत.

आपल्याकडे गरिबी मोजली जाते ती कुटुंबाच्या उपभोगखर्चावरून. घराचा एकूण खर्च भागिले माणसं. या भागाकारात आजीच्या वाट्याला नातवाइतकंच दूध आणि मुलाइतकंच औषध येतं असं गृहीत असतं. या पद्धतीने पाहिलं की अनेकदा वृद्ध इतरांहून फारसे गरीब दिसत नाहीत. म्हणून काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की मर्यादित पैसा आधी मुलांच्या पोषणावर आणि शाळेवर खर्च व्हावा, कारण वृद्ध बहुतेक करून कुटुंबातच राहतात आणि कुटुंब सावरलं की तेही सावरतात. हा युक्तिवाद निष्ठुर नाही. तो आकड्यांवर आधारलेला आहे आणि त्याचं उत्तरही आकड्यांनीच द्यावं लागतं.

ते उत्तर दोन बाजूंनी आलं. ज्याँ द्रेज आणि पी. व्ही. श्रीनिवासन यांनी १९९७ मध्ये ग्रामीण भारतातल्या विधवांच्या गरिबीचा अभ्यास केला. साध्या दरडोई हिशेबात विधवा कुटुंबप्रमुख असलेली घरं इतरांहून वेगळी दिसत नव्हती. पण लहान घराला एक चूल, एक दिवा, एक छप्पर यांचा खर्च माणशी जास्त पडतो, एवढं जरी धरलं तरी चित्र पालटून ही घरं ठळकपणे अधिक गरीब ठरत होती. त्याच सुमारास अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी दाखवून दिलं की वृद्धांच्या गरिबीचा आकडा अशा गृहीतकांवर फार अवलंबून असतो. दुसरी बाजू घरातल्या वाटपाची. कोण आधी जेवतं, कुणाचं दुखणं दवाखान्यापर्यंत जातं आणि कुणाचं ‘वयच झालंय’ म्हणून घरीच राहतं, हे उपभोगखर्चाच्या पाहणीत कधीच उतरत नाही.

लासी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१७-१८च्या मोठ्या पाहणीने ही उणीव काही अंशी भरून काढली. पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२,००० हून अधिक व्यक्तींना तिने प्रत्यक्ष प्रश्न विचारले: काम, आजार, एकटेपणा, मिळणारी वागणूक. साठीपुढचे एक-तृतीयांशाहून अधिक लोक तेव्हाही काम करत होते. हौसेने काम करणारे त्यात असतीलच, पण शेतमजुरी किंवा हमाली करणाऱ्या साठीच्या माणसाला निवृत्ती परवडत नसते.

स्त्रियांचा प्रश्न इथे निराळा काढून पाहावा लागतो. साठीपुढच्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया विधवा आहेत. स्त्रिया जास्त जगतात, नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि पुनर्विवाह त्यांच्या वाट्याला क्वचित येतो. घरकाम आणि शेतातलं राबणं यांची गणती ‘काम’ म्हणून झालेली नसल्याने भविष्यनिर्वाह निधी वगैरे नसतोच. जमिनीच्या वाटणीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना बरोबरीचा हक्क दिला, तरी भावासाठी हक्कसोडपत्र करून देण्याची रीत सुरूच आहे. मग नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर लागलेलं नावही मुलांच्या वाटण्यांत जातं आणि त्यांच्याकडे महिना-महिना पाळीने राहणं सुरू होतं. मार्था चेन यांनी २००० सालच्या पुस्तकात विधवांच्या स्थितीचा सविस्तर वेध घेतला. नाव नसलेली जमीन आणि हक्क नसलेलं घर हे दारिद्र्याचं मूळ असल्याचं त्यातून स्पष्ट दिसतं.

सांभाळायचं कुणी?

या प्रश्नावर दोन मुख्य भूमिका आहेत आणि दोन्हींकडे वजनदार कारणं आहेत.

पहिली भूमिका अशी: वृद्धांचा सांभाळ हे कुटुंबाचं काम. सरकारने ते अंगावर घेतलं तर मुलं जबाबदारी झटकतील, आणि सरकार पैसा देईल पण माया देणार नाही. एकत्र कुटुंब मोडलं म्हणून हा प्रश्न उभा राहिला, हे निदान याच भूमिकेला जोडून येतं. या निदानाबद्दल समाजशास्त्रज्ञांनी मात्र सावध केलं आहे. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुव्यात आणि ए. एम. शहा यांनी गुजरातच्याच खेड्यांत केलेल्या अभ्यासांतून दिसलं की पूर्वी सगळे एकत्र राहत होते आणि आता विभक्त झाले, ही सरळ रेघ खरी नाही. पूर्वी लोक साठीपर्यंत पोचतच कमी होते, त्यामुळे तीन पिढ्यांची घरं वाटतात तितकी सर्रास नव्हती. लॉरेन्स कोहेन यांनी १९९८ मध्ये बनारसच्या अभ्यासाच्या आधारे दाखवलं की ‘पूर्वी वृद्धांना मान होता, आता कुटुंब ढासळलं’ ही कथा आपल्याकडे साच्यासारखी वापरली जाते, आणि गरीब वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे प्रश्न तिच्यात मावत नाहीत. आजही एकटे राहणारे वृद्ध सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. बहुसंख्य कुटुंबातच राहतात. म्हणजे गरिबी आणि दुर्लक्ष आहे तेही बहुतांशी घराच्या आतच.

दुसरी भूमिका म्हणते की कुटुंबाची इच्छा असली तरी कुवत हवी ना. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारं जोडपं, ज्याला ‘कोयता’ म्हणतात, दिवाळीच्या सुमारास गाव सोडतं आणि उन्हाळ्यात परततं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि बऱ्याचदा नातवंडं. या वृद्धांना कुणी टाकलेलं नाही, उलट घर त्यांच्यावर टाकलेलं असतं. कोकणाची तऱ्हा वेगळी. मुंबईच्या मनीऑर्डरवर पिढ्या काढलेल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वृद्धांचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून खूप वर आहे. पैसा येतो, पण रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तरुण माणूस वाडीत नसतो.

कायदा पहिल्या भूमिकेकडे झुकलेला आहे. विजया मनोहर अरबट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते असं ठरवलं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा याच वाटेने आला. प्रांताधिकाऱ्यांसमोर, वकिलाशिवाय, महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र कलम २३ खाली रद्द करता येतं. ती अट दस्तात असायलाच हवी का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एका सुरात नाहीत. २०२२च्या निकालाने अटीवर भर दिला, तर २०२५च्या जानेवारीतल्या उर्मिला दीक्षित खटल्यात कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला गेला. एस. वनिता खटल्यात २०२० मध्ये सुनेचा राहत्या घराचा हक्क आणि सासू-सासऱ्यांचं संरक्षण आमनेसामने आले, तेव्हा एकाचा हक्क दुसऱ्याला सरसकट पुसून टाकू शकत नाही असं न्यायालयाने सांगितलं. आसामने २०१७ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून कपातीचा कायदा केला, आणि आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेनेही आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापण्याचा निर्णय घेतला.

या उपायांनी काहींना न्याय मिळाला, हे खरंच. पण पगारातून कपात व्हायला आधी मुलाला पगार असावा लागतो, आणि बक्षीसपत्र रद्द व्हायला आधी मालमत्ता. भूमिहीन बापाला आणि त्याच्या रोजंदारीवरच्या मुलाला या कायद्यातून मिळण्यासारखं फार थोडं आहे. शिवाय मुलाविरुद्ध प्रांताकडे अर्ज करून संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला बसायचं, हे किती जणांना जमेल?

सर्वांना की निवडकांना?

पेन्शन निवडक गरिबांना द्यावी की ठरावीक वयाच्या सर्वांना, हा धोरणातला सर्वांत जुना वाद. निवडीच्या बाजूने सांगितलं जातं की पैसा मोजका आहे, तो ज्याला खरी गरज आहे त्याच्यापर्यंत जावा. निवृत्त प्राध्यापकाला आणि बागायतदाराला १,५०० रुपये कशासाठी? पूजा दत्ता, स्टीफन हाउझ आणि रिंकू मुर्गई यांच्या २०१०च्या अभ्यासाने तर या योजनांची गळती इतर योजनांच्या मानाने कमी असल्याचं दाखवलं. रक्कम छोटी असली तरी ती बऱ्यापैकी गरिबांकडेच जात होती.

विरोधी बाजूचं म्हणणं असं की गळती कमी असली तरी सुटून गेलेले फार आहेत. खऱ्या गरजूला वगळण्याची चूक ही अपात्राला देण्याच्या चुकीपेक्षा कितीतरी जड. महाराष्ट्रातली अट पाहा. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाने ७१ दिवस हमीच्या कामावर काढले की कागदोपत्री म्हातारी अपात्र. प्रत्यक्षात तलाठी आणि तहसील कार्यालय काणाडोळा करून उत्पन्नाचा दाखला देतात म्हणून योजना चालते. पण जिथे पात्रता अशा काणाडोळ्यावर अवलंबून असते, तिथे ओळख नसलेला माणूस मागे पडणारच.

याच्या शेजारी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना ठेवून पाहण्यासारखी आहे. २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना १,५०० रुपये मिळतात, आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. पासष्टी ओलांडली की स्त्री या योजनेतून बाहेर पडते आणि तेवढ्याच रकमेच्या श्रावणबाळ योजनेच्या दारात उभी राहते, तर मर्यादा एकदम २१,००० वर येते. चौसष्टाव्या वर्षी पात्र असलेली बाई म्हातारी होताच अपात्र ठरते. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही. दोन योजना दोन काळात, दोन खात्यांनी आखल्या. सेन ज्या नकळत घडणाऱ्या वगळणुकीबद्दल बोलतात, तिचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेलं नाही.

सार्वत्रिक पेन्शनची मागणी देशपातळीवर नेली ती पेन्शन परिषदेने. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि राजस्थानच्या अरुणा रॉय यांनी २०१२ मध्ये ती उभी केली. किमान वेतनाच्या निम्मी किंवा दरमहा २,००० रुपये, यांपैकी जी जास्त असेल ती रक्कम प्रत्येक वृद्धाला मिळावी, असं परिषदेचं मागणं होतं. प्राप्तिकर भरणारे आणि दुसरी पेन्शन असणारे तेवढे वगळा, बाकी सर्वांना द्या. डिसेंबर २०१७ मध्ये ६० अर्थतज्ज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून केंद्राचा वाटा निदान ५०० तरी करा, अशी विनंती केली. पुढेही अशी पत्रं गेली.

खर्चाचा आक्षेप खोटा नाही. सुमारे १४ कोटी वृद्धांना महिना १,००० रुपये द्यायचे तर वर्षाला १ लाख ६८ हजार कोटी लागतील. संपूर्ण सामाजिक सहाय्य कार्यक्रमावर केंद्र सध्या वर्षाला साधारण ९,६५० कोटी ठेवतं. समर्थक सांगतात की सार्वत्रिक पेन्शनला लागणारी रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. आपल्याहून गरीब नेपाळने १९९५ पासून वृद्धभत्ता दिला. सुरुवात ७५ वर्षांपासून केली आणि वय हळूहळू खाली आणलं. या नमुन्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा झालेली नाही. वय उंच ठेवून सर्वांना द्यायचं की वय खाली ठेवून निवडकांना, हा खरा निवडीचा मुद्दा आहे.

वर्गणी की करातून?

तिसरी एक वाट म्हणजे तरुणपणी स्वतः साठवणं. एस. ए. दवे समितीच्या ‘ओॲसिस’ अहवालाने शतक बदलताना ती सुचवली. त्यातून पुढे नवी पेन्शन पद्धती आली, आणि असंघटितांसाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना व २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन. पण नव्वद टक्क्यांच्या आसपास कामगार असंघटित आहेत. त्यांची मिळकत हंगामी आणि अडचणी बारमाही, त्यामुळे सलग वीस वर्षं हप्ता भरणं हीच मोठी अट ठरते. संघटित क्षेत्रातल्यांचंही सगळं बरं आहे असं नाही. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खाली किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे. ती ७,५०० व्हावी म्हणून बुलढाण्यातून मोठं आंदोलन उभं राहिलं. १९८२च्या संपात किंवा त्यानंतर १९९५च्या आधीच नोकरी गेलेल्या गिरणी कामगारांना तर ही योजना लागूच झाली नाही.

या चर्चेत माथाडी कायद्याचा अनुभव जितका यायला हवा तितका येत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये झालेल्या या कायद्याने हमालाला एक मालक नसला तरी भविष्यनिर्वाह निधी असू शकतो हे सिद्ध केलं. व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची आणि मंडळाने ती कामगाराच्या नावे जमा करायची. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला उपदान आणि निधी मिळाला. हा नमुना घरेलू कामगार, ऊसतोड मजूर किंवा कचरावेचक यांना कसा लावता येईल, यावर वेगवेगळी मतं आहेत. गिऱ्हाईक विखुरलेलं असलं की लेव्ही वसूल करणं अवघड जातं, हे खरं. तरी असंघटित म्हणजे पेन्शनच्या बाहेरचे, ही समजूत महाराष्ट्राने साडेपाच दशकांपूर्वीच खोडून काढली आहे.

पैशापलीकडे

हातात पैसे आले तरी वगळणूक संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, म्हणून कधी रेशन अडतं तर कधी बँकेतून परत यावं लागतं. अनुदान थेट आधारजोडणीच्या खात्यात आल्याने मधला दलाल कमी झाला, हा मोठाच फायदा. पण केवायसी अडली की कुणाकडे जायचं, ते पूर्वी गावात माहीत होतं, आता सेतू केंद्रावर रांग लावून विचारावं लागतं. अंतरंही वाढली आहेत. एसटीने २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास दिला. बाजार, दवाखाना, लेकीचं गाव, सगळं पुन्हा आवाक्यात आलं. रेल्वेची सवलत मात्र २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचारांचं आयुष्मान संरक्षण मिळालं. त्यात उत्पन्नाची अट नाही, म्हणजे सार्वत्रिकतेचं तत्त्व आरोग्यात मान्य झालं. पण वृद्धांचा बराचसा खर्च रोजच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा आणि दातांवर होतो. हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे.

सामाजिक बाजूही आहे. विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणं ही वगळणूक कुठल्या सरकारी आकड्यात नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. गावाने स्वतः उचललेलं हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं. शहरांतले ज्येष्ठ नागरिक संघ एकटेपणावर चांगलं काम करतात, पण त्यांचे सभासद बहुधा पेन्शनधारक मध्यमवर्गीय असतात. झोपडपट्टीतल्या आजोबांपर्यंत ही वाट अजून पोचलेली नाही.

काय सुटायचं आहे

काही प्रश्नांवर आता पूर्वीइतका मतभेद राहिलेला नाही. २०० रुपये हास्यास्पदरीत्या कमी आहेत आणि २००२च्या सर्वेक्षणावरची दारिद्र्यरेषेची यादी कालबाह्य झाली आहे, हे सगळ्या बाजूंचे अभ्यासक मान्य करतात. रक्कम महागाईशी जोडावी यालाही तात्त्विक विरोध फारसा नाही, तिजोरीची अडचण तेवढी सांगितली जाते.

बाकी बरंच अनिर्णित आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करायची कुणी? आज ती बहुतेक वेळा सून किंवा मुलगी करते, कामावर पाणी सोडून, आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची गरिबी तिथेच सुरू होते. तिला मोबदला द्यावा की सार्वजनिक सेवा उभ्या कराव्यात, यावर आपल्याकडे चर्चाच नुकती सुरू झाली आहे. स्थलांतरितांचा प्रश्नही तसाच. महाराष्ट्रात योजनेसाठी १५ वर्षांचा रहिवास लागतो. आयुष्यभर पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर राबलेल्या परप्रांतीय मजुराकडे त्याचा पुरावा नसतो, आणि गावी परतला तर तिथल्या यादीत नाव नसतं.

सर्वांत कठीण प्रश्न वयाचा आहे. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशीष गुप्ता यांनी २०२२ मध्ये उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातल्या नऊ राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक, तर दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी असल्याचं त्यांना दिसलं. पेन्शनचं वय सर्वांना सारखं ठेवलं तर जे लवकर थकतात आणि लवकर जातात त्यांना ती कमी वर्षं मिळते, कित्येकांना मिळतच नाही. झारखंडने २०२४ मध्ये आदिवासी, दलित आणि स्त्रियांसाठी वयोमर्यादा ५० वर आणली. याला काही जण न्याय म्हणतात, तर वयाच्या योजनेत जातीचा निकष आणला की सार्वत्रिकतेचा पायाच ढिला होतो, अशी इतरांना भीती वाटते. महाराष्ट्रात श्रावणबाळची मर्यादा ६५ आहे. मेळघाट किंवा अक्कलकुव्यातल्या शेतमजुराला ते वय किती वेळा गाठता येतं, याचा जातवार आणि जिल्हावार हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. २०२७च्या जनगणनेत वय, जात आणि वैवाहिक स्थिती ही तिन्ही एकत्र नोंदली जाणार आहेत. ती आकडेवारी जिल्ह्याच्या पातळीवर खुली झाली, तर हा हिशेब मांडता येईल.